लिंडेनरोडाचा मनोरा कुणी पाडला

लिंडेनरोडाच्या टेकडीवर बिस्मार्कच्या नावाचा दगडी मनोरा होता, तेव्हा त्याची किल्ली श्टोले घराण्याकडे असे. आधी बापाकडे, मग त्याच्या मुलीकडे, गेर्लिंडेकडे. रविवारी जेवायला बसावं आणि दारावर थाप पडावी. लोक धापा टाकत वर जात, भिंतीवर आपली नावं कोरत आणि खाली येऊन तिलाच सांगत, "वर वारा फार आहे हो!"

"मग काय, मनोऱ्यावर शेगडी पेटवून ठेवू?" ती म्हणायची.

१९५१ साली मनोरा पाडला, तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती. पहिल्या सुरुंगाने निम्म्या गावाच्या काचा फुटल्या, मनोरा मात्र नुसता कलला. दुसऱ्याने तो बसला. आठवडाभर सगळं गाव हातगाड्या घेऊन टेकडीवर. कुणी गोठा बांधला, कुणी कुंपण. गेर्लिंडेनेही कोंबड्यांच्या खुराड्यासाठी अकरा दगड आणले, आणि हे तिने कधी लपवलं नाही.

पुढे देशाचे दोन तुकडे करणारी भिंत पडली, देश पुन्हा एक झाला आणि गावात इतिहास मंडळ निघालं. अध्यक्ष एकार्ट फोगेलझांग, गावच्या शाळेतला शिक्षक, जेमतेम पंचेचाळिशीचा. टेकडीवर लावायच्या फलकाचा मजकूर घेऊन तो तिच्याकडे आला. तिने चष्मा लावला आणि दुसऱ्याच ओळीवर थांबली.

"'रशियन सैन्याने उद्ध्वस्त केला'? कोण म्हणतं असं?"

"सगळेच म्हणतात, श्टोलेबाई."

"सगळे म्हणजे कोण? जे तेव्हा पाळण्यात होते ते? अरे, रशियन आले पंचेचाळीसला. मनोऱ्यावर चढले, फोटो काढले, निघून गेले. पाडला आपण. आपल्या नगरसभेने."

"आठवणी दगा देतात हो या वयात," एकार्ट मवाळपणे म्हणाला.

तिने त्याच्यासमोरची केकची बशी उचलून आत नेली.

मग पुराव्यासाठी सुरू झाल्या खेपा. नगरपालिकेच्या दप्तरखान्यातल्या बाई म्हणाल्या, गुरुवारी या. गुरुवारी म्हणाल्या, लेखी अर्ज हवा. अर्ज नेला तर तो जुन्या नमुन्यातला निघाला. "मनोरा पाडायला दोन सुरुंग लागले," गेर्लिंडे कावून म्हणाली, "तुमचं कपाट उघडायला किती लागतील तेवढं सांगा!" सहाव्या खेपेला मनोरा पाडायच्या ठरावाची प्रत हाती आली. एकमताने मंजूर, नऊ सह्या. सूचक म्हणून पहिली सही होती एरहार्ट फोगेलझांगची. एकार्टच्या वडिलांची.

फलकाच्या उद्घाटनाला बँड होता, महापौर होते. एकार्ट भाषणाला उभा राहणार एवढ्यात गेर्लिंडे काठी टेकत पुढे गेली. चारचौघांत तो ठराव वाचून दाखवायचा म्हणूनच ती आली होती. पण त्याचा इस्त्रीचा कोट आणि हातात जपून धरलेले भाषणाचे कागद पाहून तिला स्वतःचाच राग आला. तिने प्रत मुकाट्याने त्याच्या हातात दिली.

एकार्टने ती वाचली. पुन्हा वाचली. मग माइककडे वळून म्हणाला, "फलकात चूक आहे. आज तो उघडायचा नाही." बँडवाल्यांना काही कळेना. त्यांनी आपलं वाजवून टाकलं.

लोक पांगल्यावर तो बाकावर तिच्याशेजारी येऊन बसला. "बाबा एका शब्दाने बोलले नाहीत कधी."

"तू विचारलंस?"

त्याने ठरावाची प्रत पुन्हा उलगडून वडिलांची सही पाहिली.

"युद्धानंतर आलेल्या निर्वासितांच्या घरांना दगड हवेत म्हणून त्याने ठराव मांडला. माणूस वाईट नव्हता तुझा बाप. काचा फुटल्या तेव्हा दारोदार फिरून स्वतः नव्या बसवल्या त्याने. माझ्या स्वयंपाकघराची वाकडी बसवली, ती गोष्ट वेगळी. घरं चारच झाली. बाकीचे दगड आम्ही पळवले. हे लिहायला लाज वाटते म्हणून बिचाऱ्या रशियनांच्या गळ्यात!"

"लिहीन," एकार्ट म्हणाला. "तुम्ही सांगा, मी लिहितो."

"आता? पाय आखडलेत माझे. उद्या ये. आणि जेवणाच्या वेळी येऊ नकोस."

नवा फलक लागायला चौदा महिने गेले. मंडळातल्या तिघांनी राजीनामे दिले, एकाने गेर्लिंडेशी बोलणं टाकलं. फलकावर मात्र स्पष्ट लिहिलं गेलं: हा मनोरा लिंडेनरोडाच्या लोकांनी बांधला, लिंडेनरोडाच्या लोकांनीच पाडला, आणि त्याचे दगड आजही त्यांच्या घरांत आहेत.