एसीच्या पाण्यावरचा वड

लकव्यातून उठल्यावर आमच्या यांनी बोलणंच टाकलं. बोलता येत नव्हतं असं नाही. जीभ जड झाली होती, शब्द अडकायचे, वाक्य पुरं व्हायला वेळ लागायचा. जन्मभर लातूरच्या शाळेत चित्रकला शिकवलेला, वर्गाला हसवत ठेवणारा माणूस. समोरचा आपल्या ओठांकडे बघत बसतो, हे त्यांना सहन होईना. फोन आला की माझ्या हातात द्यायचे, दाराची बेल वाजली की आतल्या खोलीत जायचे. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी नांदेडहून त्यांचे जुने सहकारी भेटायला आले. येताना एका पसरट मातीच्या कुंडीत वीतभर उंचीचा वड घेऊन आले. बुंधा मनगटाएवढा, पारंब्यासुद्धा सुटलेल्या.

"खेळणं... आणलं का मला?" हे कसेबसे म्हणाले.

"खेळणं न्हाई सर, झाड हाय. तुमच्या-माझ्यासारखंच खातं-पितं. सांभाळा."

त्यांनी मान वळवली. कुंडी गॅलरीत ठेवली आणि पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं.

ऊन तापलं तशी पानांची कड करपायला लागली. पानाच्या शिरा हिरव्या आणि शिरांमधला भाग पिवळा. एका सकाळी गॅलरीतून हाक आली, "अगं, हे बघ." कितीतरी दिवसांनी त्यांनी आपणहून मला हाक मारली होती. कुंडीतल्या मातीवर पांढरी खपली धरली होती. बोट लावून त्यांनी ती मला दाखवली.

ती खपली मला नवी नव्हती. आमच्याकडे नळाला पाणी येतं ते काही दिवसांआड, बाकी सगळा कारभार बोअरवर. बादल्यांच्या काठाला पांढरं, कूलरच्या जाळीला पांढरं, आणि डाळ शिजता शिजत नाही. मग मला वाटलं, पिण्याच्या फिल्टरमधून जे पाणी वाया जातं ते झाडाला घालावं. दिसायला किती स्वच्छ असतं ते. आठवडाभर घातलं आणि वडाची पानं गळायला लागली.

हे अस्वस्थ झाले. "फोन लाव," म्हणाले, पण बोलायला मलाच लावलं. वड देणारे सर नांदेडहून म्हणाले, "वहिनी, फिल्टर क्षार काढतो अन् त्याच वाया जाणाऱ्या पाण्यात सोडतो. ते तर बोअरपेक्षा वाईट!"

"मग घालू काय?"

"पाऊस येईपर्यंत एसीचं पाणी. हवेतली वाफ गार होऊन पडलेलं पाणी ते, त्यात क्षार नसतात."

आमच्याकडे एसी नाही. होता तो खालच्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांकडे, आणि त्याची नळी गळून आमच्या स्कूटरवर पाणी पडतं म्हणून आदल्या उन्हाळ्यात यांचं त्यांच्याशी कडाक्याचं भांडण झालेलं. तेव्हापासून जिन्यात समोर आले तरी दोघं बोलत नव्हते.

"मी जाऊन विचारते," मी म्हटलं.

यांनी कुंडीतली गळलेली पानं वेचली. मग म्हणाले, "इस्त्रीचा... शर्ट दे." मी बटणं लावून दिली. "तू... नको येऊ." कठडा धरून एकेक पायरी उतरत गेले. मी वरच्या वळणावर उभी राहून ऐकत होते.

दार उघडलं. "या सर," वकीलसाहेब म्हणाले. आवाजात थोडा ताठा होताच.

"तुमच्या... एसीचं..."

"पुन्हा गळून राहिला का? उद्याच मिस्त्रीला बोलावतो."

"नाही. गळू... द्या." मग काहीच ऐकू येईना. माझा जीव खाली धावत होता. घरात मी नेहमी त्यांचं वाक्य पुरं करून द्यायचे. आत्ताही मला तेच करावंसं वाटत होतं. पण वकीलसाहेब काही न बोलता थांबून राहिले. शेवटी ऐकू आलं, "मला ते... पाणी पाहिजे. झाडाला."

"अहो, हेच पाणी बंद करा म्हणून केवढे भांडलात माझ्याशी!" वकीलसाहेब म्हणाले, आणि मग दोघांच्या हसण्याचा आवाज जिन्यातून वर आला. मी पदराने डोळे पुसले आणि घरात जाऊन चहा टाकला, कारण हे त्यांना वर घेऊन येणार हे मला कळलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून नळीखाली कॅन लागला. आधी त्या पाण्याने कुंडीतले क्षार धुऊन काढले. सावलीसाठी वर हिरवी जाळी बांधली, कुंडी ओल्या वाळूच्या ताटात ठेवली. महिनाभर वड नुसता काटकीसारखा उभा होता. मग एका टोकाला लालसर कोंब दिसला. हे खाली उतरले आणि वकीलसाहेबांना हाताला धरून वर घेऊन आले, कोंब बघायला.

पावसाळ्यात मुरूम आणि विटांचे तुकडे मिसळून माती बदलली. फांदीला वळण द्यायला डाव्या हाताने तार गुंडाळायची, फांदी दाबून धरायला उजवा हात वर ठेवायचा. तो हात डॉक्टर म्हणाले होते तेवढा सुधारला नाही. पण मांडीवर पडून राहायचा थांबला. पुढे चिंच आली, उंबर आला. हौसेने पुण्याहून आणलेलं थंड हवेतलं एक सुरूसारखं झाड मात्र एका उन्हाळ्यात वाळलं. तेव्हा हे दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. वकीलसाहेब रोज येऊन शेजारी बसायचे, तेही न बोलता.

यंदा गच्चीवरच्या टाकीच्या भिंतीत पिंपळ उगवला. बिल्डिंगची बैठक बसली. भिंत फुटेल म्हणून काढायला तर हवा, पण पिंपळाला हात लावायला कुणी तयार होईना. तेवढ्यात हे उठून उभे राहिले.

"मी... काढतो. मारणार... नाही."

सगळे त्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबले. सकाळी उन्हाच्या आधी दोघं वर गेले. वकीलसाहेबांनी शिडी धरली, यांनी डाव्या हाताने छिन्नीने सिमेंट कोरून मुळं मोकळी केली. पिंपळ आता फुटक्या घमेल्यात आहे. जगेल की नाही, अजून सांगता येत नाही. हे दिवसातून दोनदा वर जाऊन बघतात, आणि जिन्यात जो भेटेल त्याला थांबवून त्याची खबर सांगतात.