एका मिनिटाची ओळख

दोन हजार सालाच्या आसपास आम्ही कोल्हापुरातल्या नवउद्योजकांनी एक मंडळ काढलं होतं. रविवारी सकाळी हॉटेलात टाय बांधून जमायचं, उभं राहून एका मिनिटात आपल्या धंद्याची ओळख करून द्यायची आणि मिसळ खायची. आत्मविश्वास एवढा वाढला होता, की टाय मिसळीच्या कटात बुडाला तरी कुणी डगमगायचं नाही. काम मात्र कुणी कुणाला दिलेलं आठवत नाही.

तिथं हुपरीचे एक पैंजणवाले यायचे. नाव कधी कळलंच नाही. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. बोलायची पाळी आली की धंद्याबद्दल अवाक्षर नाही. आम्हाला बोलायला शिकवायला पुण्याहून येणारे प्रशिक्षक घड्याळ दाखवायचे आणि अण्णा समोरच्यालाच विचारत राहायचे, "गाव कुठलं? मामाचं आडनाव काय? थोरल्याचं जमलं का न्हाय अजून?"

एकदा प्रशिक्षक वैतागले. "अण्णा, आत्मविश्वासानं काम मागायला शिका!"

अण्णा ब्रेड कटात बुडवत म्हणाले, "अनोळखी माणसाकडं काय मागायचं, सायेब? आधी पावणं करून घ्यायचं. मग मागायलाच लागत न्हाय की."

आम्ही पोट धरून हसलो.

पुढं मंडळ बंद पडलं, पाठोपाठ माझं कॉम्प्युटरचं दुकानही. माझं व्हिजिटिंग कार्ड तेवढं अण्णांनी गडहिंग्लजच्या एका घरी पोचवलं होतं. तिथंच माझं लग्न जमलं. मंडळातल्या आणखी काहींची त्यांनी अशीच जमवली. त्या सगळ्या सुनांच्या पायांत पैंजण कुणाकडचे, हे सांगायला नको.

आजही नोकरीच्या मुलाखतीला जाताना मी आरशासमोर टाय बांधून एका मिनिटाची ओळख घोकतो, तेव्हा मागं स्वयंपाकघरात ते पैंजण वाजत असतात.