जयवंतीच्या हंड्या आणि वर्षाराणीची लिंक

आमच्या केळव्यात सून कुठून आली यावर तिचं निम्मं कौतुक ठरतं. शेजारच्या माहीमची आली तर घरचीच, डहाणूची आली तर चालेल, आणि त्यापुढची आली तर बायका डोक्यावरचा पदर सारखा करून विचारतात, "जेवण काय करते गो ती?" विश्रामची सून तर थेट घाटावरची. म्हणजे तसं बघाल तर ती वाढली बोईसरात, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. पण तिचा बाप आनंदा कऱ्हाडकडून तारापूरच्या कारखान्यात नोकरीला आला, आणि त्याने येताना सगळं कऱ्हाड बोलण्यात भरून आणलं. तेव्हा सून घाटावरची ती घाटावरचीच.

तिचं नाव वर्षाराणी. लहानपणी बोईसरच्या त्यांच्या चाळीत ही पोरगी दुपारी शेजाऱ्यांच्या दाराची घंटा दाबून पळायची, आणि जिन्याखाली लपून कोण कसं बाहेर येतं ते बघायची. आनंदा सांगतो, "मारलं तरी हसायची. मला म्हणायची, आबा, मी इथं दाबते आणि तिकडं काकू उठते, हे कसं हो होतं?" त्याच खुळाने पुढे तिला कॉम्प्युटरच्या क्लासला नेऊन बसवलं. शिकली, एका कारखान्याच्या ऑफिसात लागली. तिथेच आमचा शैलेश, विश्रामचा मुलगा, नोकरीला. तो डब्यातून नारळाच्या करंज्या न्यायचा. करंज्यांनी काम केलं. लग्न झालं.

लग्नानंतर तिने नोकरी सोडली आणि घरी बसून दुकानदारांच्या वेबसाईटी करायचं ठरवलं. त्याला जागा हवी. विश्रामच्या घराला मागे एक खोली आहे, वाऱ्याची, कोरडी. त्या खोलीत वर्षानुवर्षं सुपारी साठवतात. वर्षाराणीने तिथे टेबल टाकलं, कॉम्प्युटर ठेवला, आणि सासूबाईच्या पोटात दुखायला लागलं.

सासू म्हणजे जयवंती. नात्याने माझी भावजय, विश्राम माझा चुलतभाऊ. बाई हाताची अशी, की तिची उकडहंडी उघडली की पलीकडच्या वाडीतला माणूस काही ना काही काम काढून येतो. मीही बऱ्याचदा दोरी मागायला गेलो आहे. आमच्या घरात दोरीची कमी नाही.

तर जयवंतीने सुनेला सांगितलं, "बघ गो, संक्रांतीला सुपारी उतरेल. तोवर खोली तुझी. तुझ्या त्या मशीनचा घराला काय उपयोग दिसला तर पुढे बघू. नायतर टेबल उचलायचा, आनि तू माझ्यासोबत चुलीकडे."

पोरीचा चेहरा मी पाहिला. चुलीचं तिला वावडं नव्हतं. पण ती खोली गेली असती तर तिचं काम गेलं असतं. घराच्या बाकी कोपऱ्यात माणसं, मांजरं आणि विश्रामचं घोरणं. तिने लगेच डोकं चालवलं. "आई, तुमच्या हंडीचीच वेबसाईट करते. मुंबईचे लोक शनिवार-रविवारी समुद्रावर येतात आणि थंड भजी खाऊन जातात. त्यांना घरबसल्या हंडी सांगता आली तर?"

हंडी आयत्या वेळी होत नाही, हे ज्याने खाल्ली त्याला माहीत. कोनफळ, रताळी, वालपापडी, हिरव्या लसणीचं वाटण, सगळं मडक्यात भरायचं, पाल्याने तोंड बंद करायचं, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. आदल्या दिवशी सांगितलं तरच जमतं. जयवंतीला कल्पना पटली. पटली म्हणजे लगेच तिच्या अटी सुरू झाल्या.

वर्षाराणीने पान तयार केलं. वर वाफाळत्या हंडीचा फोटो. खाली बटण, त्याच्याखाली नाव, फोन, किती माणसं, आणि शेवटी प्रश्न: "नक्की मागवायची का?"

जयवंती भडकली. "ह्ये काय? दारात आलेल्याला आपन पहिलं पानी देतो, मग नाव विचारतो. आनि 'नक्की का' म्हंजे काय? जेवनार का नाय असा कोन पावन्याला विचारतं? लाज हाय का नाय?"

"आई, पण कोणीही उगाच दाबलं तर?"

"उगाच कशाला दाबेल? भूक लागली तर दाबेल. आनि ते बटन काढ. मिक्सर वाटतो."

मी तेव्हा तिथेच होतो, दोरी परत करायला. वर्षाराणीने माझ्याकडे बघून डोळे फिरवले आणि बटण, प्रश्न, नाव, सगळं काढलं. फोटोखाली फक्त निळ्या अक्षरात एक लिंक उरली: "हंडी लावा".

मी विचारलं, "आता ही दाबली की काय होणार?"

"काका, तुम्ही ओटीवर बसून काकूंना चहा सांगता. चूल तुम्हाला दिसते का?"

"दिसत नाही. कधीकधी चहाही दिसत नाही."

"तेच. हे पान म्हणजे तुमची ओटी. चूल लांब, दुसऱ्या मशीनवर, त्याला सर्व्हर म्हणतात. तिथे मी एक प्रोग्रॅम बसवलाय. लिंक दाबली की त्याला हाक जाते. तो उठतो आणि आईंच्या फोनवर निरोप टाकतो, 'एक हंडी लावा'. हाक मारणारा कोण, कशासाठी, ते तो बघत नाही. हाक आली, काम केलं." मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "खरं म्हणजे लिंक ही नुसती बघायला जायची वाट असते. काम करून घ्यायचं तर बटण हवं. पण बटण म्हणजे मिक्सर."

मी दाबून पाहिली. स्वयंपाकघरात जयवंतीचा फोन टिंग वाजला. परत दाबली. परत टिंग. सातवी शिकलेल्या माणसाच्या हाती एवढी सत्ता पहिल्यांदाच आली होती. आतून आवाज आला, "भावजी, येवढ्या तुमी खानार का?" तेव्हा कुठे थांबलो.

शनिवारी सकाळी जयवंतीने स्वतः प्रचार हाती घेतला. तिच्या फोनमध्ये गावातल्या देवळांपेक्षा जास्त मंडळं: महिला मंडळ, भजनी मंडळ, माहेरची माणसं, मुंबईच्या नणंदा, केळीच्या वेफरवाल्या बायका. तिने विचार केला, अख्खं पान वाचायला कोणाला वेळ आहे? सरळ हंडीचीच लिंक पाठवू. मग त्या निळ्या अक्षरांवर बोट दाबून धरलं, लिंक उचलली आणि महिला मंडळात चिकटवली. खाली "जरूर या" असं लिहायला घेतलं, तोच टिंग! एक हंडी लावा.

"अगो बाय! पाठवते नाय तोच आली बघ!"

भजनी मंडळात चिकटवली. टिंग! माहेरी चिकटवली. टिंग! नणंदांच्या मंडळात चिकटवताना तर ती म्हणाली, "ह्यांनी आजपर्यंत माझ्या हातचं नावाजलं नाय, आनि बघा, कशा तुटून पडल्यात." टिंग!

बाईला चेव चढला. ज्या मंडळांत तिचं कोणाशी धड नव्हतं त्यांतही लिंक गेली. काही ठिकाणी "जरूर या" लिहायचं राहिलं म्हणून परत चिकटवली. विश्राम बिचारा कुंभाराकडे गेला, मडकी घेऊन आला, परत गेला. अंगणात खड्डे, सुका पाला, गोवऱ्या. वाल सोलायला शेजारच्या बायका बसल्या. मलाही रताळी धुवायला बसवलं. संध्याकाळपर्यंत भरलेली मडकी अंगणात अशी रांगेने बसली होती, की बघणाऱ्याला वाटावं घरात बारसं आहे आणि गावजेवण आहे आणि निवडणूकही आहे. वर्षाराणी खूश. खोली वाचली असं ती आणि मीही धरून चाललो होतो.

रविवारी जाळ पेटले. धूर नारळाच्या झापांतून वर गेला. हंड्या शिजल्या, वास सुटला. जयवंती नवी साडी नेसून फाटकाशी उभी राहिली. मुंबईच्या गाड्या समोरून समुद्राकडे जात होत्या. एकही आत वळेना.

"वाट चुकले असतील," विश्राम म्हणाला.

"सगळे?" जयवंती म्हणाली.

जेवणवेळ झाली. शेजारच्या बायका वाल सोलून गेल्या होत्या, पण आता काहीतरी विसरलं म्हणून एकेक परत येऊन फाटकातून डोकावू लागल्या. ते जयवंतीला हंड्यांपेक्षा जास्त लागलं. ती सुनेकडे वळली. "तुझ्या मशीनने माझी शोभा केली गो. संध्याकाळी टेबल उचल. संक्रांतीची वाट नको, उद्याच खोली सुपारीसाठी झाडून घेते."

वर्षाराणी पायरीवर बसून राहिली. हसरी पोरगी गप्प झाली की घर कसं वेगळंच दिसतं.

जयवंतीचा राग मात्र अजून शिल्लक होता. तो काढायला तिने फोन घेतला. "विचारतेच मंडळात, मागवून कुठे मेलात म्हनून. येवढी लिंक दावते त्यांना, हिच्यावर दाबलंत ना, ओळखा." तिने लिंक चिकटवली. पाठवायला बोट अजून हवेतच होतं, आणि फोन वाजला. टिंग! एक हंडी लावा.

वर्षाराणीची मान झटकन वर झाली. "आई, पाठवलंत?"

"नाय अजून."

"खोडा ते. परत चिकटवा."

टिंग!

पोरगी उठली, सासूच्या हातातला फोन बघितला आणि तोंडाला पदर लावून जी हसत सुटली, ती चुलीमागे जाऊन हसली, विहिरीपाशी जाऊन हसली आणि परत येऊन पायरीवर कोसळली. जयवंती माझ्याकडे बघून म्हणाली, "लागीर झाला का हिला?"

"आई," ती डोळे पुसत म्हणाली, "तुम्ही लिंक चिकटवली की खाली एक छोटा फोटो येतो, बघा. तो कुठून येतो? तुमचा फोन आधी स्वतः त्या लिंकवर जाऊन डोकावून येतो. नुसता डोकावतो! पण आपल्या सर्व्हरला काय कळणार? त्याला वाटतं हाक आली. लावली हंडी."

जयवंती फोटोकडे बघत राहिली. "म्हंजे महिला मंडळाने…"

"नाही."

"नणंदांनी?"

"त्यांनी तर मुळीच नाही. आई, सगळ्या हंड्या तुमच्याच फोनने मागवल्या. तुमच्याकडूनच. तुमच्याकडे."

मी उठून रताळी धुतलेली बादली उगाच परत धुवायला घेतली. तोंड लपवायला दुसरी जागा नव्हती. नशीब, विश्राम तेव्हा मागे गोवऱ्या रचत होता.

जयवंतीने फोन पदराखाली घातला. मग हळूच म्हणाली, "ह्ये कोनाकोनाला कळेल?"

"सध्या तिघांना," सुनेने सांगितलं आणि तिच्या चेहऱ्यावर जिन्याखाली लपलेली पोरगी मला स्पष्ट दिसली. "आधी हंड्यांचं बघू."

तिने बापाला फोन लावला. "आबा, चाळीतले, कारखान्यातले, सुट्टीवर कोण कोण आहे? जेवला नसाल तर या. जेवला असाल तरी या." आनंदाला असं निमंत्रण म्हणजे काय! तासाभरात बोईसरहून टेम्पो भरून माणसं आली: कऱ्हाडचे, लातूरचे, बिहारचे, दोन ओडिशाचे. पुढच्या सीटवर आनंदा, मांडीवर ठेच्याचा डबा घेऊन. हंड्या उघडल्या. कोनफळ बघून बिहारचा एकजण म्हणाला, "ये तो हमारे गाँव में भी होता है, भाभीजी, लेकिन ऐसा नहीं." जयवंतीला हिंदी जेमतेम कळते, पण स्तुती तिला कुठल्याही भाषेत कळते. आनंदाने कोनफळाला ठेचा लावून खाल्ला, तेव्हा तिने एरवी त्याला घराबाहेर काढलं असतं. त्या दिवशी नुसतं म्हणाली, "व्याहीबुवा, जरा आमालाही द्या."

माणसं फुकट खायला तयार नव्हती. कारखान्यातल्यांनी आपसांत जमवून ताटाखाली पैसे ठेवले आणि पुढच्या रविवारचं सांगूनच गेले. फाटकातून डोकावणाऱ्या बायकांनी टेम्पो पाहिला आणि त्यांची तोंडं बंद झाली. संध्याकाळी मुंबईच्या थोरल्या नणंदेचा फोन आला. "वैनी, येवढी गिऱ्हाइकं म्हणे? कोणी मागवल्या हंड्या?"

जयवंतीने सुनेकडे पाहिलं. सून खांबाला टेकून केळं सोलत होती, अगदी सावकाश.

"मागवल्या… लिंकवरून," जयवंती म्हणाली. खोटं नव्हतं. "लय लांबून मागवल्या." हे मात्र होतं. फोन ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "काय पायजे बोल."

"खोली."

"संक्रांतीपर्यंत?"

वर्षाराणीने केळ्याचा घास घेतला. "मुंबईच्या आत्याबाईंचा नंबर आहे माझ्याकडे."

"घे गो बाय, ठेव खोली. कायमची."

"आणि बटण. नाव विचारणार, नक्की का तेही विचारणार. नुसत्या डोकावणाऱ्याला हंडी नाही."

"विचार. पन गोड विचार."

संक्रांतीला सुपारी उतरली. गोणी घरात आल्या आणि विश्रामच्या झोपायच्या खोलीत, त्याच्या खाटेच्या तिन्ही बाजूंनी रचल्या गेल्या. तो दोन-तीनदा माझ्याकडे येऊन बसला. "दादा, मागची खोली कोरडी, वाऱ्याची. मग सुपारी माझ्या उशाशी का? विचारलं तर ही बोलते, तुमच्या घोरन्याने वाळेल. सुनेला विचारलं तर ती नुसती हसते. तुला काय कळतंय का?"

मी म्हटलं, "सुपारीला माणसाची सोबत मानवते विश्राम. जुने लोक सांगायचे."

त्याला ते पटलं. हल्ली तो झोपताना गोणींकडे तोंड करून झोपतो.