शेवंतीबाईंची सुरी डावी झाली

कळव्याच्या मासळीबाजारात शेवंतीबाईंसारखी सुरमई कापणारी दुसरी नव्हती. हे त्या स्वतःच सांगायच्या, आणि गिऱ्हाइकंही माना डोलवायची. पण आता गुडघे कुरकुरायला लागले होते, म्हणून बाजारातली आपली जागा सुनेला द्यायची असं त्यांनी ठरवलं.

सून हेमाली, माहेर मोहन्याचं. बोलायला गोड, पण डावरी. सासूच्या सुरीने सुरमई कापायला घेतली की काप वरून जाड आणि खालून पातळ.

"हा काप हाय का दाराला लावायची पाचर गो?" शेवंतीबाई चारचौघांत म्हणायच्या. लोक हसायचे आणि म्हणायचे, "मावशी, तुम्हीच द्या कापून."

एका सकाळी हेमालीने सांगून टाकलं, "आई, मला नाय जमत. मी नाय बसणार आता."

शेवंतीबाईंनी आयुष्यभर सांभाळलेली जागा आता रिकामी पडणार होती.

त्याच दिवशी एका खेकड्याने त्यांच्या उजव्या अंगठ्याला कडकडून प्रसाद दिला. अंगठ्याला पट्टी बांधून त्यांनी सुरी डाव्या हातात घेतली. मनगट अगदी ताठ धरलं, तरी सुरी आपली एका अंगाला ओढ घेतच राहिली. आणि समोर पडली ती अस्सल पाचर!

त्यांनी पातं उजेडात धरलं. एक बाजू सपाट, दुसरीला उतार. इतकी वर्षं त्यांनी सुरी दगडावर एकाच अंगाने घासली होती. झिजून झिजून पातं त्यांच्याच उजव्या हाताचं झालं होतं. आणि शिव्या खात होती ती पोर! बाईंना स्वतःचाच राग आला.

"आठ दिस थांब गो," त्या हेमालीला म्हणाल्या.

रोज पहाटे त्या दगडाशी बसू लागल्या. धारेला हेमालीचं काजळ फासायचं आणि घासायचं. काळं उरलं तिथे दगड लागलेला नाही, म्हणून पुन्हा घासायचं. जुना उतार मोडायचा, नवा डावीकडे काढायचा. पातं आणखी अरुंद झालं. एकदा हे केलं की सुरी आपल्या हाताला परकी होणार, हे त्यांना ठाऊक होतं. हात मध्येच थांबायचा आणि पुन्हा चालू लागायचा.

आठवड्याने हेमालीने सुरमईत सुरी घातली. काप पडला तो वरपासून खालपर्यंत सारखा. तिने दुसरा कापला, तिसरा कापला, आणि मग तिला हसूच आवरेना.

पुढे अंगठा बरा झाला. एक जुनं गिऱ्हाईक आलं, तशी शेवंतीबाईंनी सवयीने सुरी उचलली आणि झोकात काप काढला. तो वरून जाड आणि खालून पातळ निघाला.

हेमालीने तो उचलून चारचौघांत धरला. "आई, हा काप हाय का दाराची पाचर?"

बाजार हसला. सगळ्यांत मोठ्याने हसल्या शेवंतीबाई, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग त्यांनी सुरी सुनेच्या डाव्या हातात दिली आणि बाजूला सरकून तिला बसायला जागा केली.