कवटीची मागची बाजू

जगताप मास्तरांच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि दर रविवारी ते मौलाभाई खाटकाकडून बोकडाचं मुंडकं आणत. लढाईचे दिवस, रॉकेल रेशनवर. तरी आमच्या स्टोव्हवर ते तासन्‌तास उकळायचं. मांस कुत्र्यांना, कवटी फळीवर. कराडच्या शाळेत ते शास्त्र शिकवत, मी चित्रकला. खोली एकच, त्यामुळे वासात माझा निम्मा वाटा. मौलाभाई हसायचा, "मास्तर, रस्सा तरी चाखा की!"

फळीवर बोकड, कोल्हा, रेडा, बैल शेजारीशेजारी आणि मध्ये दगड झालेली एक कवटी. कृष्णेच्या दरडीतून मास्तरांनी ती पंधरा दिवस खरडून सोडवली होती. दिसायला बैलाचीच, पण कानामागची हाडं आजच्या कुठल्याच बैलाशी जुळत नव्हती. हे जनावर निराळं होतं, आता पृथ्वीवर उरलेलं नाही, एवढं सिद्ध करण्यासाठीच ते जगत होते. पुण्याचे एक प्राध्यापक ती बघायला येणार होते.

"तोंडाला भुलू नका," मास्तर मला बजावत. "जनावर वळखायचं ते मागनं."

त्या दगडी कवटीची पुढून आणि मागून अशी दोन चित्रं त्यांनी मला काढायला सांगितली होती. पुढचं मी हौसेनं काढलं. मागं नुसती भोकं नि खाचा. मला कंटाळा आला. "उद्या काढतो," असं मी महिनाभर म्हणत राहिलो.

तेवढ्यात मास्तर विषमज्वरानं पडले. त्यांना मिरजेच्या दवाखान्यात हलवलं. तासगावकडून त्यांची आई आली आणि फळी बघून मला म्हणाली,

"आवं मास्तर, माजा ल्योक एवढ्या मढ्यांत निजतोय, ताप उतरंल कसा? ह्यास्नी कुनी पानी बी दिलं न्हाई. चला, संगमावर सोडू."

मी नको म्हणालो, पण फार जोरानं नाही. ताप वाढल्याचा निरोप सकाळीच आला होता.

"ती दगडाची तेवढी राहू द्या," मी म्हणालो.

"तीच तर समद्यांत जुनी न्हवं? तीच लय दिस ताटकळली."

मी सगळ्या कवट्या पोत्यात भरल्या. संगमावर म्हातारीनं तीळ वाहिले, हात जोडले, आणि ती कवटी मी माझ्या हातानं डोहात सोडली.

मास्तर बरे होऊन आले. आईनं सगळं कौतुकानं सांगितलं. रिकाम्या फळीकडे बघत ते म्हणाले, "बरं केलंस, आये." दुसऱ्या दिवसापासून ते छातीभर पाण्यात उतरून तळ चाचपू लागले. पूर आला तेव्हा तेही थांबलं. प्राध्यापकांना येऊ नका म्हणून मीच कळवलं. मला मास्तर एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर मी सुटलो असतो. मौलाभाई काही दिवस मुंडकं बाजूला ठेवत राहिला, मग त्यानंही सोडून दिलं.

दोन वर्षांनी शेवटच्या आजारात मास्तरांनी कवटीचं ते चित्र मागितलं. बराच वेळ बघितलं.

"तोंड झकास आलंय, गड्या," म्हणाले, आणि सवयीनं कागद उलटा केला. मागं काहीच नव्हतं. त्यांनी तो पुन्हा सुलटा केला आणि माझ्या हातात दिला.