दांडीवरची अक्षरे

कार्तिकातल्या दुपारी कापलेल्या धानाचा गोडसर, उबदार वास हवेत भरून राहतो, आणि ज्याच्या नाकाला तो लहानपणापासून ठाऊक आहे त्याला डोळे मिटूनही सांगता येते की पवनी मागे पडली, आसगाव जवळ आले. त्या गुरुवारी मात्र त्या वासात दुसराच एक वास मिसळला; चुलीवर विसरलेल्या कढईतल्या तेलाचा असतो तसा, करपट. गाडी आधी थरथरली, मग एक हिसका बसला, आणि इंजिन जोरजोरात ओरडत असताना चाके मात्र ढिम्म हलेनात. रस्त्याच्या कडेला मळणी यंत्र चालू होते. त्याच्याभोवतीची माणसे काम टाकून माझ्याकडे पाहू लागली, आणि मला रडू कोसळेल की काय अशी भीती वाटली.

माझी ही गाडी वीस वर्षांची आहे आणि ती आपले गिअर आपणच बदलते. लोकांना ती माझी चैन वाटते. वाटो बापडी! माझा डावा पाय लहानपणी तापात अधू झाला. क्लच दाबणे त्याच्याने होणार नाही. या गाडीला दोनच पेडल आणि दोन्ही उजव्या पायाची, म्हणून कुणीतरी वापरून टाकलेली ही गाडी मी उतारवयात विकत घेतली, सोबत माहितीची पुस्तिकासुद्धा नव्हती तरी घेतली. त्याआधी भंडाऱ्याच्या महाविद्यालयात मराठी शिकवायला मी ऑटोने जात असे, आणि आसगावला जाताना एसटीच्या पायरीवर अनोळखी माणसे काखेत हात घालून मला पोत्यासारखी वर ओढून घेत, वर सगळ्यांना ऐकू जाईल असे ‘सावकाश, बाई’ म्हणत. त्या सगळ्या दयाळू हातांचा मला मनस्वी तिटकारा आहे. दर गुरुवारी भंडाऱ्याहून आसगावला थोरल्या बहिणीकडे एकटीने जायचे आणि कुणाच्याही हाताला न लागता तिच्या अंगणात उतरायचे, एवढेच माझे स्वातंत्र्य, आणि ते या गाडीच्या पोटातल्या, तिचे गिअर बदलणाऱ्या काही लिटर तेलावर अवलंबून होते.

त्या तेलाने महिनाभर आधीच सूचना दिली होती. गिअरचा दांडा ओढला तरी गाडी दोन श्वास थांबून मगच हलत असे. भाचा सुधीर मला एका गॅरेजात घेऊन गेला. तिथल्या मालकाने तेल मोजायची लांब दांडी उपसली, नाकाशी नेली, चिमटीत तेल चोळले आणि गाडी माझी असून सुधीरकडे पाहत म्हटले, “तेल कमी झाला आहे जी. टाकून देतो.” कोणते, असे मी विचारले. “म्याडम, लाल त लाल. सगळ्यांले चालते हा.” त्याच्या स्वरात एवढी शांती होती की एखाद्या साधुपुरुषाला हेवा वाटावा. सुधीरने मोबाइलवर शोधले, तर तिथे चार जणांनी चार नावे तितक्याच ठामपणे सांगितलेली. शेवटी सगळ्यांना चालणारेच तेल माझ्या गाडीत गेले.

आमच्या भंडाऱ्यात पितळेचा साधा गडवा घ्यायचा झाला तरी माणूस तो उलटा करतो, बोटाने वाजवून पाहतो, काठ चाचपतो, दुकानदाराशी अर्धा तास हुज्जत घालतो. तोच माणूस यंत्राच्या बाबतीत मात्र जन्मजात सर्वज्ञ! विचारायची खोटी, उत्तर हजर. ठाऊक नसणे ही जणू एखादी घाणेरडी व्याधी आहे आणि ती आपल्या घराण्यात कधी नव्हती, असा एकेकाचा तोरा. मी आयुष्यभर या जातीच्या माणसांचा मनातल्या मनात तिरस्कार करत आले, आणि त्या तिरस्कारात एक गुप्त सुखही घेत आले, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

त्या दुपारीही सर्वज्ञ जमले. मळणीच्या धुळीने पिवळे झालेले तिघे-चौघे गाडीभोवती उभे राहिले. एक म्हणाला, ट्रॅक्टरचे तेल टाका, ताकद येते. दुसऱ्याने स्टिअरिंगच्या तेलाची शिफारस केली, कारण तेही लालच. तिसऱ्याला गाडीच मूर्खपणाची वाटत होती. “काहून घेतली असन हे आटोमॅटिक?” असे त्याने मला नव्हे, आभाळाला विचारले. दर वेळी दांडी बाहेर यायची, हुंगली जायची, शर्टाला पुसली जायची आणि परत आत जायची. मी काच वर करून बसले. मग त्यांनीच मला गाडीसकट ढकलत गावातल्या मनिरामच्या टिनाच्या शेडपर्यंत नेले. पुन्हा हातच! मी स्टिअरिंग घट्ट धरून समोर पाहत राहिले, आभारसुद्धा मानले नाहीत.

मनिराम मळणी यंत्रे आणि पाण्याचे पंप दुरुस्त करतो. पन्नाशीचा, किडकिडीत, कमी बोलणारा. त्याने बॉनेट उघडले, बराच वेळ आत पाहिले आणि म्हणाला, “बाई, असली गाडी म्या कधी खोलली नाही. याच्यात कोनता तेल लागते, मले नाही मालूम.”

माझे पहिले उत्तर तुच्छतेचेच होते, मोठ्याने नाही, पण चेहऱ्यावर असणार. वाटले, झाले! उरलेसुरले नशीब शेवटी अशा माणसाच्या दारी येऊन पडले, ज्याला खोटे बोलण्याइतकेही येत नाही. सुधीर गेले पंधरा दिवस गाडी भंगारात द्या म्हणत होता. आता द्यावीच, आणि पुढच्या गुरुवारी एसटीच्या पायरीशी काख उचलून उभे राहावे.

पण ठाऊक नसल्यामुळे मनिरामला पाहत बसण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्याने दांडी काढली. हुंगली नाही. स्वच्छ फडक्याने टोकापासून मुठीपर्यंत पुसली, आणि शेडबाहेर उन्हात जाऊन ती डोळ्यांशी धरून हळूहळू फिरवली. पुन्हा पुसली. मग माझ्याजवळ आला. “बाई, तुमचा चष्मा लावा. याच्यावर लिहून आहे काहीतरी. इंग्रजी नाही येत मले.”

मी चष्मा लावला. त्या चपट्या पोलादावर, तेलाची पातळी दाखवणाऱ्या दोन खुणांच्या वरच्या बाजूला, बारीक ठोकलेली अक्षरे होती: हेच तेल वापरा, आणि पुढे त्या तेलाचे नाव. वीस वर्षे ती तिथे होती. इतक्या नाकांनी हुंगलेल्या, इतक्या शर्टांना पुसलेल्या त्या दांडीवरचे एक वाक्य कुणी वाचले नव्हते. आणि ते न वाचणाऱ्यांत, वाचण्याचाच पगार घेतलेली मीही होते. माझे हात कधी त्या तेलाला लागलेच नव्हते. लाज वाटली, चांगलीच वाटली.

ते तेल आणायला गेलेल्या सुधीरने नागपूरहून फोन केला, दुकानदार म्हणतो यापेक्षा भारी तेल आहे. मी म्हटले, “तीच अक्षरं बघ. नसली तर रिकामा ये.” आठवड्याने डबे आले. मनिरामने जुने तेल रिकाम्या बाटल्यांत मोजून काढले आणि तेवढेच नवे भरले. एका वेळी निम्मेच निघते, निम्मे आत राहते, म्हणून गाडी गावाला फेरी मारून आणायची आणि पुन्हा काढायचे, असे तीनदा. पहिल्यांदा काळे निघाले, दुसऱ्यांदा चहाच्या रंगाचे, तिसऱ्यांदा लाल. त्या तिन्ही फेऱ्या मीच मारल्या. शेवटच्या फेरीत गाडी एका गिअरमधून दुसऱ्यात कधी गेली ते कळलेही नाही, आणि धानाच्या बांध्यांमधून जाताना मी चक्क मोठ्याने हसले.

त्याच रस्त्यावर मला ती मुलगी आठवली. लाखांदूरकडून एसटीने येणारी, मागच्या बाकावरची. कवितेतल्या एका शब्दाचा अर्थ तिने वर्गात विचारला होता. तो शब्द मला ठाऊक नव्हता. मी क्षणभरही न अडखळता म्हणाले होते, “एक प्रकारचे रानफूल.” तिने मान खाली घालून ते वहीत उतरवून घेतले. सगळ्या कवितांना चालेल असे ते उत्तर होते, आणि पुढे कितीतरी वर्षे, कितीतरी शब्दांना मी ते दिले. ती आता कुठेतरी शिक्षिका असेल. तिच्या वर्गात अजून ते फूल उमलत असेल, कुणी सांगावे.

शेडमध्ये परतले तेव्हा मनिराम रिकामा डबा फिरवून पाहत होता. मागच्या बारीक मजकुरातल्या एका शब्दावर त्याने बोट ठेवले. “बाई, तुम्ही त शिकवत होत्या. हा काय आहे?”

मी डोळे बारीक करून कसाबसा वाचला. उत्तर तयार होते, जिभेच्या टोकावर, नेहमीसारखे गुळगुळीत. ते गिळायला वेळ लागला.

“मला माहीत नाही, मनिराम.”

त्याला त्याचे काहीच वाटले नाही. “मंग पाहा लागन,” तो म्हणाला, आणि डबा घेऊन उन्हात गेला. मी चष्मा शोधत त्याच्यामागे निघाले.