बी म्वांतुमूंची ओळ

किबाडा वस्तीची शेवटची घरं मागे पडून तास होत आला, तरी बी म्वांतुमू थांबायचं नाव घेत नव्हत्या. शेजारीण अनेथ त्यांच्या डाव्या अंगानं, मुद्दाम अर्धं पाऊल मागे राहून चालत होती. पिवळे टी-शर्ट घातलेली जॉगिंग क्लबातली चाळीस पोरंपोरी केव्हाच वळणाआड गेली होती.

एक रिक्षा शेजारी येऊन हळू झाली. "आजी, समुद्रावरच चाललोय. बसा की."

"मेल्या, रिक्षातच बसायचं असतं तर पहाटे उठले कशाला असते? जा, दुसरं गिऱ्हाईक बघ."

रिक्षावाला हसत निघून गेला. बी म्वांतुमूंनी गुडघ्यावर एकदा हात दाबला, "बिस्मिल्ला" म्हटलं आणि पाऊल उचललं.

दोन वर्षांपूर्वी दवाखान्यात त्यांच्या रक्तात साखर निघाली. त्याच वर्षी थोरल्या बहिणीचा, म्वाजाबूचा, साखरेपायीच डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तेव्हापासून म्वाजाबूनं उंबरा ओलांडला नव्हता. मशिदीतल्या लोकांनी चाकाची खुर्ची आणून दिली, तर तिच्यावर कपडे वाळत पडायचे. बी म्वांतुमू घाबरल्या. पहाटे उठून तांदळाचे गोड वितुंबुआ तळून विकणारी बाई ती, रस्ता ओलांडला तरी बसायला जागा शोधणारी. तशीच एका रविवारी जाऊन क्लबात उभी राहिली.

क्लबाची रीत अशी, की जो सगळ्यांत हळू, त्याला पुढे आणायचं आणि गाण्याची ओळ त्यानंच द्यायची. त्याला जेवढा दम, तेवढीच बाकीच्यांची चाल. त्यामुळे मागे कुणी पडतच नाही. मास्तर शाबानीनं शिट्टी वाजवली आणि धापा टाकणाऱ्या बी म्वांतुमूंना हाताला धरून पुढे आणलं. लग्नांत गाऊन तयार झालेला तो गळा. त्यांनी विचारलं, "कोण आलं?" मागून चाळीस जणांनी उत्तर दिलं, "आम्ही आलो!" आणि चाळीस पावलं एकदम पडली. सोबत गेलेली अनेथ वीस वर्षं चर्चमध्ये मागच्या रांगेत गाते. पण एका दमलेल्या बाईच्या श्वासावर अख्खा रस्ता चालताना तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

मागच्या आठवड्यात म्वाजाबू टोचून बोलली होती. "फार मिरवतेस ना पिवळा सदरा? जा समुद्रापर्यंत, स्वतःच्या पायांनी. गेलीस तर मीही बसेन त्या खुर्चीत आणि येईन बाहेर."

"शब्द दिलास हं, ताई."

"दिला. तू कुठली जातेस!"

आज समुद्रावरच्या क्लबानं बोलावलं होतं, सातला पोचायचं होतं. अर्ध्या वाटेत बी म्वांतुमूंचा गुडघा धरला, तशी त्यांनीच सगळ्यांना पुढे पिटाळलं. "व्हा पुढे. लोक ताटकळतील, आपली शोभा होईल."

"आणि ओळ कोण देणार, आजी?" शाबानीनं विचारलं होतं.

"कुणीही द्या. तोंडं शिवलीत का तुमची?"

आता नारळाची झाडं दाट झाली. वाऱ्याला खारा वास आला. अनेथच्या चर्चची वेळ टळत चालली होती. ती मनातल्या मनात एवढंच म्हणत होती, प्रभू, हिचा गुडघा सांभाळ.

तेवढ्यात आवाज आला. "आम्ही आलो!"

मग काहीच नाही. नुसती जागच्या जागी पडणारी पावलं. पुन्हा, "आम्ही आलो!" आणि पुन्हा तेवढीच रिकामी जागा.

अनेथ थबकली. "बी, ऐकलंत? ओळ कुणी देतच नाहीये. तुमची जागा मोकळी ठेवलीय."

बी म्वांतुमूंनी छाती भरून श्वास घेतला आणि झाडांतूनच आवाज टाकला, "कोण आलं?"

पलीकडे क्षणभर पावलं थांबली. मग जे उत्तर आलं, त्यानं नारळावरचे कावळे उडाले. अनेथचा हात तोंडावर गेला तो तिथंच राहिला. एवढ्या सगळ्यांनी एका म्हातारीसाठी गाण्यात भोक पाडून ठेवलं होतं, आणि आता ते असं भरलं होतं. चर्च चुकल्याची रुखरुख तिला उरली नाही.

बी म्वांतुमू ओळी देत देतच वाळूत उतरल्या. पोरं दोन्ही बाजूंना सरली. त्या थेट पाण्यात गेल्या, घोट्यापर्यंत, आणि आपल्या दोन्ही पायांकडे बघत राहिल्या.

"अनेथ," त्या म्हणाल्या, "म्वाजाबूला आता यावं लागेल."

"येतील का हो?"

"न येऊन सांगते कुणाला? शब्द दिलाय. खुर्चीवरचे कपडे मी आजच काढते. सगळ्यांत हळू तीच, म्हणजे पुढे तीच बसणार. ओळी मी शिकवीन तिला." मग अनेथचा हात धरून म्हणाल्या, "माझ्या गुडघ्याला खुर्ची झेपायची नाही गं. पुढच्या रविवारी तू ढकलशील? पण हळू. तिला जेवढा दम, तेवढीच चाल."